पोलाद तापले की आत काय बदलते? तोफा का फुटतात हे शोधणाऱ्या चेर्नोव्ह यांची गोष्ट

खरिपाच्या तोंडावर एरंडोलच्या आसपासच्या गावांत वखराची पास आणि विळे लोहाराच्या भट्टीवर येतात. पास किती तापली हे लोहार रंगावरून ओळखतो आणि मगच पाणी देतो. या जाणकारीला दीडशे वर्षांपूर्वी विज्ञानाची बैठक दिली ती एका रशियन अभियंत्याने. त्यांचे नाव दिमित्री चेर्नोव्ह.

चेर्नोव्ह यांचा जन्म १८३९ चा, सेंट पीटर्सबर्गमधला. तिथेच तंत्रशिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते ओबुखोव्ह पोलाद कारखान्यात रुजू झाले. कारखान्यात तेव्हा एकच चिंता होती. मोठ्या तोफा चाचणीतच फुटत होत्या आणि अशी तोफ शत्रूआधी स्वतःच्याच गोलंदाजांचा जीव घेते. कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे एकाच घटकांच्या दोन तोफांपैकी एक टिकायची, दुसरी फुटायची.

चेर्नोव्ह यांनी तुटलेल्या तुकड्यांचा पोत पाहिला. फुटलेल्या तोफांचे दाणे खडीसाखरेसारखे भरड होते, टिकलेल्यांचे बारीक. म्हणजे खोट मालात नव्हती, तापवण्यात आणि घडवण्यात होती. केवळ डोळ्यांनी रंग पाहत त्यांनी दोन टप्पे पकडले आणि १८६८ मध्ये रशियन तांत्रिक संस्थेसमोर मांडले. पहिला, अ बिंदू, गडद डाळिंबी लालीचा. त्याच्या खाली तापवलेले पोलाद कितीही झटकन थंड केले तरी कठीण होत नाही. दुसरा, ब बिंदू, त्याहून वरचा. तो ओलांडला की भरड दाणे मोडून बारीक होतात. कार्बनच्या प्रमाणानुसार हा बिंदू सरकतो, हेही त्यांनी ओळखले.

नेमके काय घडते?

साध्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसतात. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसला पोहोचले की मधला अणू जातो आणि सहाही पृष्ठांच्या मध्यावर अणू येतात. कार्बनमुळे पोलादात हा बदल ७२७ अंशांपासूनच सुरू होतो. नवी रचना अधिक दाट असते, त्यामुळे तापत असतानाही लोखंड या क्षणी किंचित आकसते. तरीही तिच्यातली एकेक पोकळी आधीपेक्षा मोठी असते. म्हणून जुन्या रचनेत जेमतेम ०.०२ टक्के मावणारा कार्बन नव्या रचनेत २ टक्क्यांपर्यंत मावतो. पाण्यात बुडवताच त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो अडकतो, रचना ताणली जाते आणि धार कठीण होते.

नवी रचना एकाच वेळी असंख्य ठिकाणी उगवते, म्हणून दाणे बारीक होतात. मात्र त्यापुढे फार तापवले तर तेच दाणे एकमेकांना गिळत भरड होतात. तोफांचे नेमके हेच झाले होते. (इंजिनीअरिंगला लोह-कार्बन आकृती घोकणाऱ्यांनी तिच्या रेषांमागे हा कारखाना आठवावा.)

१८८० मध्ये चेर्नोव्ह यांनी ओबुखोव्ह सोडले आणि काही वर्षे चक्क मिठाच्या खाणी शोधल्या. बाख्मुत भागात त्यांना सैंधवाचे साठे सापडलेही. १८८९ पासून ते तोफखाना अकादमीत धातुशास्त्र शिकवू लागले. जानेवारी १९२१ मध्ये याल्टा इथे त्यांचे निधन झाले.

अणूंची मांडणी त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी स्वीडनच्या आर्ने वेस्टग्रेन यांनी तापलेल्या लोखंडावर क्ष-किरण टाकून ती दाखवली.