शेजारी म्हणाले शहराबाहेर राहायला जा, पण माफियाला जेलमध्ये घालणाऱ्या जजला पालेर्मो काही सुटलं नाही

साल होतं १९८५. इटलीतलं सिसिली बेट आणि त्याची राजधानी पालेर्मो. इथल्या एका दैनिकात एका बाईंचं पत्र छापून आलं.

बाईंची तक्रार साधी होती. आमच्या भागात जज राहतात, त्यांच्या गाड्यांचे सायरन सकाळ, दुपार, संध्याकाळ वाजतात. दुपारची झोप नाही, धड टीव्ही बघता येत नाही. उद्या बॉम्ब फुटलाच तर आमचं काय? त्यापेक्षा या लोकांना शहराबाहेर बंगले बांधून द्या.

ज्यांच्या गाडीमुळे बाईंची झोप उडाली होती, त्यांचं नाव जोव्हानी फाल्कोने. इटलीच्या माफियाला कायद्याने गुडघ्यावर आणणारा माणूस.

ज्या गल्लीत जज वाढले, तिथेच गुंडही वाढले

फाल्कोने यांचा जन्म मे १९३९ चा, पालेर्मोच्या काल्सा भागातला. काल्सा म्हणजे बंदराजवळची जुनी दाट वस्ती. वडील सरकारी रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक, त्यामुळे घर मध्यमवर्गीय. याच भागात पाओलो बोर्सेलिनो नावाचा पोरगाही वाढत होता. दोघं एकत्र फुटबॉल खेळले, पुढे दोघंही जज झाले. त्याच गल्ल्यांमधली काही पोरं मात्र पुढे तस्करीत गेली.

दुसऱ्या महायुद्धात काल्सावर बॉम्ब पडले होते. पण शहराची खरी वाट लावली ती नंतरच्या बांधकामांनी. १९५८ नंतर साल्वो लिमा महापौर होते आणि बांधकाम खातं वितो चांचिमिनो यांच्याकडे होतं. या काळात चार हजारांच्या आसपास बांधकाम परवाने निघाले आणि त्यातला मोठा वाटा फक्त पाच जणांच्या नावावर होता. या पाच जणांचा बांधकामाशी संबंधही नव्हता. ती नुसती नावं होती, मागे माफिया होता. जुने बंगले आणि बागा गेल्या, सिमेंटच्या इमारती आल्या.

थोडक्यात, पालेर्मोत गुन्हेगारी आणि राजकारण असे दोन वेगळे विषय नव्हतेच. दुकानदाराकडून हप्ता घेणारा, बिल्डरला परवाना मिळवून देणारा आणि निवडणुकीत मतं फिरवणारा, सगळे एकाच साखळीतले.

बंदुकीच्या नाही, पैशाच्या मागे लागले

ट्रापानीत बरीच वर्षं काढून फाल्कोने १९७८ मध्ये पालेर्मोत परत आले. पुढच्याच वर्षी तपास खात्याची सूत्रं हाती घेणार असलेले जज चेझारे तेरानोव्हा यांचा खून झाला. त्या खात्याचे प्रमुख झाले रोको किनिची आणि त्यांनी फाल्कोनेंना आपल्याकडे घेतलं.

तोवर माफियाच्या केसेस कोर्टात टिकत नव्हत्या. साक्षीदार तोंड उघडायचे नाहीत. फाल्कोनेंनी मग साक्षीदारांचा नाद सोडला आणि बँकांना पत्रं पाठवली. डॉलर कोणी बदलले, चेक कोणाच्या खात्यात गेला, याच्या पावत्या मागवल्या. सिसिलीत तयार झालेलं हेरॉईन अमेरिकेत जातं आणि पैसा परत येतो, हे कागदावर दिसायला लागलं. माणूस खोटं बोलेल, पण चेकवरची सही कुठे जाईल?

माफियाने उत्तर दिलं. १९८२ मध्ये माफियाची संपत्ती जप्त करायचा कायदा मागणारे खासदार पिओ ला तोरे मारले गेले. त्याच वर्षी माफियाला आवरायला पाठवलेले जनरल दाल्ला किएझा मारले गेले. जुलै १९८३ मध्ये किनिची यांना त्यांच्या घरासमोरच कारबॉम्बने उडवलं.

त्यांच्या जागी फ्लोरेन्सहून आंतोनिनो कापोनेत्तो आले. त्यांनी जजची टीम केली. प्रत्येक जजकडे प्रत्येक केसची माहिती, म्हणजे एकाला मारून तपास थांबणार नाही. या टीममध्ये फाल्कोने आणि बोर्सेलिनो दोघंही होते.

१९८४ मध्ये तोमाझो बुशेता हा माफियाचा मोठा माणूस ब्राझीलमधून इटलीत आणला गेला आणि फाल्कोनेंसमोर बोलायला लागला. संघटना कशी चालते, हुकूम कोण देतं, सगळं बाहेर आलं.

१९८५ च्या उन्हाळ्यात दोन पोलीस अधिकाऱ्यांचे खून झाले आणि फाल्कोने, बोर्सेलिनो यांना कुटुंबासकट आसिनारा बेटावर हलवलं. हे जेलचं बेट. तिथे बसून त्यांनी खटल्याचे कागद तयार केले. पुढे सरकारने त्या मुक्कामाचं बिलही या दोघांना पाठवलं!

पावणेपाचशे आरोपी आणि एक खटला

१० फेब्रुवारी १९८६ ला खटला सुरू झाला. पावणेपाचशेच्या आसपास आरोपी होते. त्यासाठी जेलला लागून खास बंकरसारखं कोर्ट बांधलं. १६ डिसेंबर १९८७ ला निकाल आला. १९ जणांना जन्मठेप आणि बाकीच्यांना मिळून २६६५ वर्षांची शिक्षा.

आता फाल्कोनेंना प्रमुख करतील असं सगळ्यांना वाटत होतं. पण १९८८ च्या जानेवारीत नेमणुका ठरवणाऱ्या परिषदेने सेवाज्येष्ठतेचा मुद्दा धरून दुसऱ्याच जजला खुर्ची दिली. हळूहळू टीम मोडली. १९८९ मध्ये फाल्कोनेंनी घेतलेल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या घराजवळ स्फोटकांची बॅग सापडली, तर ती त्यांनीच ठेवली असेल अशी कुजबूज झाली. पालेर्मोचे महापौर राहिलेले लेओलुका ओर्लांदो यांनी तर पुरावे ड्रॉवरमध्ये दाबून ठेवल्याचा आरोप केला. ओर्लांदो स्वतः माफियाविरोधी नेते, त्यामुळे हा आरोप जास्त लागला.

शेवटी शहर सोडलं

१९९१ मध्ये फाल्कोने रोमला गेले आणि कायदा मंत्रालयात मोठ्या पदावर बसले. पळाला, राजकारण्यांना विकला गेला, असं लोक बोलले. त्यात जुने सहकारीही होते.

पण फाल्कोनेंचं गणित वेगळं होतं. पालेर्मोत बसून फायली पुढे सरकत नव्हत्या, रोममध्ये बसून अख्ख्या देशाची यंत्रणा उभी करता येत होती. माफियाविरोधी तपासाची राष्ट्रीय यंत्रणा आणि राष्ट्रीय पातळीवरचं सरकारी वकिलांचं कार्यालय याच काळात आकाराला आलं. ३० जानेवारी १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या मोठ्या खटल्यातल्या शिक्षा कायम केल्या. वरच्या कोर्टात सुटू हा माफियाचा भरवसा संपला. मार्चमध्ये साल्वो लिमा यांना गोळ्या घातल्या. आपलं काम केलं नाही म्हणून माफियाने जुन्या मित्राला संपवलं, असं मानलं जातं.

फाल्कोने रोमला गेले खरे, पण घर पालेर्मोतच होतं. सुट्टी मिळाली की ते परत यायचे. माफियाला एवढीच सवय पुरेशी होती.

२३ मे १९९२, शनिवार. फाल्कोने आणि त्यांच्या पत्नी फ्रान्चेस्का मोर्व्हिलो, ज्या स्वतः जज होत्या, विमानाने पालेर्मोला उतरले. गाडी फाल्कोने स्वतः चालवत होते, ड्रायव्हर मागे बसला होता. कापाचीजवळ हायवेखालच्या नाल्यात सुमारे ५०० किलो स्फोटकं पेरली होती. फाल्कोने, त्यांच्या पत्नी आणि तीन अंगरक्षक गेले. मागे बसलेला ड्रायव्हर वाचला.

५७ दिवसांनी काल्साचा दुसरा पोरगा, बोर्सेलिनो, पाच अंगरक्षकांसह बॉम्बस्फोटात मारला गेला.

मग ते शहर बोललं

सायरनला वैतागलेल्या शहरात लोकांनी बाल्कन्यांमधून निषेध लिहिलेल्या पांढऱ्या चादरी लटकवल्या. फाल्कोनेंच्या घरासमोरच्या झाडावर चिठ्ठ्या अडकवायला सुरुवात झाली, ती आजही सुरू आहे. जानेवारी १९९३ मध्ये माफियाचा बॉस तोतो रीना पालेर्मोतच पकडला गेला. २००४ पासून तिथल्या तरुण पोरांनी हप्ता न देणाऱ्या दुकानदारांमागे उभं राहायची चळवळ चालवली. २००० मध्ये संघटित गुन्हेगारीविरोधातला संयुक्त राष्ट्रांचा करार सह्यांसाठी खुला झाला, तो पालेर्मोतच. भारतानेही २०११ मध्ये त्याला मान्यता दिली.

शहर बिघडलं की राहायचं की जायचं, हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांना पडतो. फाल्कोने राहिले तेव्हा शेजाऱ्यांना त्यांची अडचण झाली आणि गेले तेव्हा तेच पळपुटे ठरले. पण पालेर्मोवर खरा परिणाम झाला तो आधी तिथे राहून केलेल्या तपासाचा आणि नंतर बाहेर जाऊन उभ्या केलेल्या यंत्रणेचा.

आज पालेर्मोच्या विमानतळाला फाल्कोने आणि बोर्सेलिनो यांचं नाव आहे. ते शहर सोडून जाणारा आणि शहरात परत येणारा, दोघंही तिथूनच जातात.