कै. लक्ष्मीकांत बेर्डे : हास्यनटाचा गंभीर अवतार

प्रतिवर्षी ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने एखाद्या दिवंगत कर्तबगार व्यक्तीचे चरित्र सभासद कुटुंबांपुढे ठेवावे, असा आमचा मानस असतो. कलावंताच्या बाबतीत तो कोणत्या ज्ञातीत जन्मला हा विचार आम्ही गौण मानतो. ज्याने साऱ्या महाराष्ट्राला हसविले, तो साऱ्यांचाच झाला. म्हणून यंदा आम्ही कै. लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांचे चरित्र निवडले आहे. त्यांचे नाव निघताच घरातील लहानथोरांच्या मुखावर हसू उमटते. परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या हसविण्याविषयी थोडे, आणि १९९२ सालच्या त्यांच्या एका गंभीर भूमिकेविषयी अधिक.

आपल्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. समर्थांनी दासबोधात टवाळखोर विनोदाची चांगलीच हजेरी घेतली आहे. ती शिकवण मनात मुरल्यामुळे असो वा अन्य कारणाने असो, थट्टामस्करी करणारा मनुष्य उथळ असावयाचाच, असा समज आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत दृढ झाला. दुसरीकडे, तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या बोलू लागला म्हणजे हीच वडीलधारी मंडळी पोट धरून हसत. हसविणारा हवा, पण त्याची गणना जाणत्यांत नको, असा हा दुटप्पी न्याय आहे. लक्ष्मीकांतांच्या आयुष्यात ह्याच न्यायाचा प्रत्यय आला.

लक्ष्मीकांतांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला. गिरगाव परिसरातील चाळवस्तीत त्यांचे बालपण गेले. गणेशोत्सवातील नाटके आणि नकला ह्यांत त्यांच्या अभिनयाचा पाया घातला गेला. पुढे मुंबई मराठी साहित्य संघात त्यांनी नोकरी पत्करली. नाट्यगृहाच्या त्या वातावरणात वावरत असता लहानसहान भूमिका त्यांच्या वाट्याला येऊ लागल्या. नाव असे झाले नव्हते. मात्र रंगभूमी कशी चालते, प्रेक्षक कोठे डोलतो आणि कोठे कंटाळतो, ह्याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले.

१९८३ च्या सुमारास पुरुषोत्तम बेर्डे ह्यांचे ‘टुरटूर’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि लक्ष्मीकांतांचे दैव उघडले. ‘शांतेचं कार्टं चालू आहे’ सारख्या नाटकांनी ते घरोघरी माहीत झाले. चित्रपटांत १९८४ साली ‘लेक चालली सासरला’ आणि १९८५ साली महेश कोठारे ह्यांचा ‘धुमधडाका’ ह्यांनी त्यांचे आसन पक्के केले. १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’ मध्ये राहावयास जागा मिळावी म्हणून स्त्रीवेष घेणारा परशुराम त्यांनी असा काही उभा केला, की तीन पिढ्या तो चित्रपट एकत्र बसून पाहत आल्या आहेत. १९८९ साली ‘मैंने प्यार किया’ ह्या हिंदी चित्रपटाने त्यांची ओळख महाराष्ट्राबाहेरही नेली. प्रेक्षकांनी त्यांना ‘लक्ष्या’ हे घरगुती नाव दिले. ज्या काळी गणेशोत्सवात भाड्याने व्हिडिओ आणून चौकात चित्रपट दाखवीत, तो काळ ज्यांनी पाहिला, त्यांना हे नाव पडद्यावर येताच उठणारा गलका आठवत असेल.

ह्या यशाला एक दुसरी बाजू होती. एका वर्षात अनेक चित्रपट, त्यांत तीच धांदल, तीच भाबडी फजिती, तेच डोळे विस्फारणे. निर्मात्यांना खात्रीचे उत्पन्न हवे होते, प्रेक्षकांना खात्रीचे हसू हवे होते. ह्या मनुष्याच्या ठायी आणखी काही असेल, हे पाहण्याची सवड कोणास नव्हती. ती दृष्टी दाखविली डॉ. जब्बार पटेल ह्यांनी. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ अशा गंभीर चित्रपटांच्या ह्या दिग्दर्शकाने ‘एक होता विदूषक’ ह्या चित्रपटाची प्रमुख भूमिका लक्ष्मीकांतांवर सोपविली.

ह्या चित्रपटामागे मंडळीही तशीच जमली होती. पटकथा व संवाद पु. ल. देशपांडे ह्यांचे. १९५३ साली ‘गुळाचा गणपती’ केल्यानंतर पु. ल. चित्रपटसृष्टीपासून दूर गेले होते. सुमारे चार दशकांनी त्यांनी पुन्हा पटकथेसाठी लेखणी उचलली, आणि महाराष्ट्राच्या ह्या लाडक्या विनोदकाराने लिहिली ती विदूषकाची शोकांतिका. संगीत आनंद मोडक ह्यांचे. गीते आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील पळसखेड्याचे रानकवी ना. धों. महानोर ह्यांची. मराठवाड्याच्या मातीतील शब्द ह्या चित्रपटात आहेत, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची होती. नृत्ये लक्ष्मीबाई कोल्हापूरकर ह्यांनी बसविली.

कथानायक आबूराव हा तमाशातील नर्तकीचा मुलगा. फडाच्या सावलीत तो वाढतो आणि सोंगाड्या होतो. गण, गवळण, बतावणी, वग ह्या तमाशाच्या क्रमात बतावणी ही सोंगाड्याची हक्काची जागा. तेथे तो राजालाही चिमटा काढू शकतो. आबूरावाची जीभ अशीच धारदार आहे. लोक त्याला डोक्यावर घेतात, चित्रपट त्याला उचलून नेतात, पुढे राजकारण त्याच्या लोकप्रियतेचा उपयोग करून घेते. एकेका पायरीने तो वर चढतो आणि एकेका पायरीने त्याच्यातील सच्चा सोंगाड्या मागे पडतो. आणि सगळ्या महाराष्ट्राला हसविणाऱ्या ह्या माणसाची स्वतःची चिमुकली मुलगी मात्र हसत नाही.

ही भूमिका करताना लक्ष्मीकांतांनी आपली सगळी ठरावीक आयुधे खाली ठेवली असे कोणी समजू नये. बतावणीच्या प्रसंगांत त्यांचा नेहमीचा झपाटा पूर्ण भरात दिसतो. त्यामुळेच पुढे जेव्हा तो झपाटा ओसरतो, चेहरा स्थिर होतो आणि डोळ्यांत रितेपण उतरते, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनास चटका बसतो. केवळ गंभीर नटास हे साधले नसते, कारण त्याच्या हास्याची सवय आपणांस नसते. जे गमावले ते किती मोलाचे होते, हे ज्याने आपणांस वर्षानुवर्षे हसविले तोच दाखवू शकतो.

चाळिसाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘एक होता विदूषक’ हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जाणकारांनी लक्ष्मीकांतांचे कौतुक केले. परंतु तिकीट काढून येणारा प्रेक्षक आला नाही. त्याला लक्ष्या हवा होता. आबूरावाचे दुःख पाहण्याची त्याची तयारी नव्हती. राज कपूर ह्यांच्या ‘मेरा नाम जोकर’ ह्या चित्रपटासही १९७० साली असाच अनुभव आला होता, आणि त्याचे मोल लोकांस पुढे कळले. लक्ष्मीकांतांना ह्या अपयशाचे वाईट वाटले व ते पुन्हा विनोदी भूमिकांकडे वळले.

ह्यापुढील एक योगायोग मोठा बोलका आहे. ‘एक होता विदूषक’ मध्ये आबूरावाच्या आईची भूमिका मधू कांबीकर ह्यांनी केली होती. पुढच्याच वर्षी, १९९३ साली, महेश कोठारे ह्यांच्या ‘झपाटलेला’ मध्ये हीच मायलेकरांची जोडी पुन्हा पडद्यावर आली. ह्या वेळी मुलगा बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा आणि एका बाहुलीच्या भयाने बेजार झालेला. तो चित्रपट तुफान चालला. तोच नट, तीच आई. एकीकडे अश्रू, दुसरीकडे हशा. प्रेक्षकांनी कौल कोठे दिला, हे सांगावयास नको. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ मधील लल्लू ह्या नोकराच्या भूमिकेत मात्र हसण्याआडची माया पुन्हा एकदा डोकावून गेली.

पुढे मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना गाठले आणि दि. १६ डिसेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. जेमतेम पन्नास वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. वार्धक्यात अनेक हास्यनटांना गंभीर, भारदस्त भूमिका मिळतात. ती संधी काळाने त्यांना दिली नाही. म्हणून ‘एक होता विदूषक’ ही त्यांच्या दुसऱ्या सामर्थ्याची एकमेव मोठी साक्ष राहिली आहे.

हे चरित्र आम्ही केवळ करमणुकीसाठी लिहिलेले नाही. आपल्या घराघरांतही अशी माणसे आहेत. एखादा मुलगा थट्टेखोर म्हणून ओळखला जातो, आणि तो गंभीरपणे काही सांगू लागला तर आपण हसतो. एखादी मुलगी शांत म्हणून गणली जाते, आणि तिने सभेत बोलावयाचे ठरविले तर आपणांस नवल वाटते. वडिलांचे दुकान आहे म्हणून मुलाने गल्ल्यावरच बसावे, हेही आपण त्याच्या जन्माआधीच ठरवून टाकतो. पहिल्यांदा जे सोंग माणसाच्या वाट्याला आले, तेच त्याचे रूप समजणे हा अन्यायच होय. तो करणारे पुष्कळदा परके नसतात, प्रेम करणारेच असतात. लक्ष्मीकांतांवर महाराष्ट्राने अपार प्रेम केले. परंतु त्यांनी एकदाच अंतःकरण उघडून दाखविले तेव्हा तो दाराशी आला नाही.

आमची सभासद कुटुंबांस विनंती एवढीच, की ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तो घरातील मुलांना घेऊन अवश्य पाहावा, आणि पाहून झाल्यावर आपल्याच घरातील एखाद्या ‘लक्ष्या’चे म्हणणे न हसता ऐकून घ्यावे. कै. लक्ष्मीकांत बेर्डे ह्यांच्या स्मृतीस ह्याहून चांगली आदरांजली आम्हांस सुचत नाही.