पिठाच्या गिरणीतला गणिती

व्हेक्टर कॅल्क्युलस आलं की ग्रीन्स थिअरम येतोच. आपण स्टेटमेंट पाठ करतो, दोन सॉल्व्ह्ड प्रॉब्लेम बघतो, मार्क पदरात पाडून घेतो आणि मोकळे होतो. पण हा ग्रीन होता तरी कोण? हॉस्टेलमध्ये विचारलं तर बहुतेकांचा अंदाज एकच, असेल कुठला तरी मोठा प्रोफेसर. खरं सांगू? आयुष्यातली बरीच वर्षं हा माणूस बेकरी आणि पिठाची गिरणी सांभाळत होता!

जॉर्ज ग्रीनचा जन्म १७९३ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. वडिलांची बेकरी होती. आठव्या वर्षी त्याला शाळेत घातलं, पण शाळा झाली ती जेमतेम चार सत्रं. मग पोरगा घरच्या धंद्याला लागला. १८०७ मध्ये वडिलांनी जवळच्या स्नेंटन गावात पवनचक्की बांधली, म्हणजे वाऱ्यावर फिरणारी पिठाची गिरणी. अशा गिरणीला वेळापत्रक नसतं. वारा सुटला की दळण, मग रात्र असो की दिवस.

मधल्या काळात त्याला गणित कोणी शिकवलं, हे कुठे धड नोंदलेलं नाही. एवढं नक्की, की १८२३ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो वर्गणी भरून गावातल्या वाचनालयाचा सभासद झाला. लाप्लास, पॉयसाँ ही त्या काळातली फ्रेंच मंडळी त्याने वाचली. इंग्लंडमध्ये तेव्हा न्यूटनच्या अभिमानापोटी जुनी टिंबांची पद्धतच बरेच जण चालवत होते. हा गिरणीवाला मात्र आपण वापरतो ती डीवाय बाय डीएक्सची पद्धत वापरत होता.

१८२८ मध्ये, ३४ व्या वर्षी, त्याने वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध छापला. आधी वर्गणीदार गोळा करून, स्वतःच्या हिमतीवर. किंमत साडेसात शिलिंग, वर्गणीदार फक्त ५१. आपण इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये पोटेन्शियल म्हणतो ते नाव त्याने या निबंधात दिलं. ग्रीन्स फंक्शनही त्यातलंच. गंमत म्हणजे आपल्या पुस्तकातला प्रतलावरचा थिअरम त्यात तशाच्या तसा नाहीच. त्यात आहे ते घनफळावरचं इंटिग्रल आणि पृष्ठभागावरचं इंटिग्रल यांना जोडणारं सूत्र.

वर्गणीदारांपैकी बहुतेकांना ते कळण्यासारखं नव्हतं. पण सर एडवर्ड ब्रोमहेड यांना त्याची किंमत कळली. ते स्वतः केंब्रिजला गणित शिकलेले. त्यांनी लगेच पत्र लिहून पुढचं लेखन मोठ्या संस्थांकडे पोचवायची तयारी दाखवली. आणि ग्रीनने काय केलं? उत्तरच दिलं नाही! मोठ्या लोकांचं हे नुसतं सौजन्य असतं, ते खरं धरायचं नसतं, असं कोणीतरी त्याच्या मनात भरवून दिलं होतं. १८३० च्या जानेवारीत त्याने उत्तर लिहिलं. तोवर जवळजवळ दोन वर्षं गेली होती.

१८२९ मध्ये वडील वारले. पुढे त्याने धंद्यातून अंग काढून घेतलं आणि ब्रोमहेड यांच्या सल्ल्याने १८३३ मध्ये केंब्रिजच्या कीझ कॉलेजात नाव घातलं. वय ४०! आजूबाजूला सगळी आपल्या वयाची पोरं. लॅटिन आणि ग्रीकने त्याला छळलं. तरी १८३७ च्या गणिताच्या परीक्षेत तो चौथा आला. त्याच परीक्षेत दुसरा आलेला सिल्व्हेस्टर पुढे मॅट्रिक्स या शब्दाचा जनक ठरला. १८३९ मध्ये ग्रीन कॉलेजचा फेलो झाला, पण तब्येत बिघडून घरी परतला आणि १८४१ मध्ये ४७ व्या वर्षी गेला. घरी जेन स्मिथ आणि त्यांची सात मुलं होती. दोघांचं लग्न कधीच झालं नाही.

तो गेला तेव्हा त्याच्या निबंधाला कोणी विचारत नव्हतं. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन नावाच्या वीस वर्षांच्या पोराने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, त्याची प्रत मिळवली, पॅरिसला नेऊन तिथल्या गणितज्ञांना दाखवली आणि नंतर जर्मनीतल्या एका नामांकित नियतकालिकात तो छापून आणला. पुढच्या शतकात क्वांटम फिजिक्सवाल्यांनाही ग्रीन्स फंक्शनवाचून चालेना.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या विंगमध्येच आहे. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेले बरेच मित्र आहेत. पाया कच्चा राहिला, आता वय गेलं, असं ते मनाला लावून घेतात. एकाने तर मॅथ्सचा फॉर्मच भरायचा नाही असं ठरवलंय. वय आहे २२. त्याच वयात ग्रीन पिठाची पोती उचलत होता आणि निबंध अजून बारा वर्षं दूर होता.

सगळेच ग्रीन होणार नाहीत, मीही नाही. पण उशिरा सुरुवात केल्याने त्याचं गणित अडलं नाही, हे नक्की. त्याची जी दोन वर्षं गेली ती गेली संकोचात, समोरचा मनापासून बोलावतोय यावर विश्वास न बसल्यामुळे. म्हणून दोस्तांनो, डिफरन्शिएशनपासून विचारायचं असलं तरी विचारा. सर केबिनमध्ये या म्हणाले तर खरंच जा. आणि ज्यांना येतं त्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा खोलीची कडी लावून घेऊ नये.