ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

महाशिवरात्रीच्या यात्रेत आमच्या औंढा नागनाथला कुस्त्यांचा फड लागतो. पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत मी तो दरवर्षी पाहते. बायका-मुली तिथे फारशा थांबत नाहीत. मी वडिलांबरोबर थांबते. हलगी कडाडली, मल्लाने शड्डू ठोकला की माझ्याही अंगात बळ संचारते. वाटते, आपणही काही करून दाखवावे. पण यात्रा उठली की हा उत्साहही ओसरतो. त्या पाच मिनिटांसाठी मल्ल वर्षभर काय करतो, ते फडात दिसत नाही. मला ते खाशाबा जाधवांच्या चरित्रात दिसले.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरचीच. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. पैलवान म्हटला की त्याचा पुस्तकाशी काय संबंध, असे आपल्याकडे समजतात. म्हणून हे मुद्दाम लिहिले.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिंपिकला गेले. सारा सराव मातीतला आणि तिथे कुस्ती गादीवर! नियमही निराळे. तरी फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. दुसरा कोणी एवढ्यावर समाधान मानून परतला असता. खाशाबांनी पुढची चार वर्षे सराव वाढविला आणि वरच्या, बँटमवेट गटात उतरायचे ठरविले.

हेलसिंकीला जायचे तर पैसा हवा. गावाने वर्गणी जमविली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. माझ्या प्रवेशाच्या वेळी आईचे डोरले सावकाराकडे गेले, ते अजून सुटायचे आहे. गहाण या शब्दाचे वजन आमच्या घराला ठाऊक आहे. एका गुरूने विद्यार्थ्यासाठी ते उचलावे, याचे मला पदकाइतकेच मोल वाटते.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरविले. जपानचा इशी आणि रशियाचा मामेदबेकोव्ह यांच्याकडून मात्र ते हरले. त्याच दोघांना पुढे सुवर्ण व रौप्य मिळाले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडे शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्या लढून खाशाबांनी प्राचार्यांचे घर सोडविले.

पुढे काय? देशाला त्या वर्षीचे हॉकीचे सुवर्ण आठवले, खाशाबा मागे पडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. नोकरीत बढतीसाठी आणि पुढे निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कऱ्हाडजवळ रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. दुसरे वैयक्तिक पदक लिएंडर पेसने आणले ते १९९६ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. अर्जुन पुरस्कारही खाशाबांना मरणोत्तरच मिळाला; तो घ्यायला ते नव्हते.