शस्त्रांचा निरोप, बाहूंचा निरोप

अर्नेस्ट हेमिंग्वेची 'अ फेअरवेल टू आर्म्स' मी प्रथम वाचली तेव्हा शेवटच्या पानावर लेखकावर चक्क रागावले. इतक्या संकटांतून सुखरूप बाहेर काढलेल्या कॅथरिनला त्याने अखेर बाळंतपणात का मारावे? युद्धात माणसे मरतात. पण युद्ध तर ती दोघे केव्हाच मागे टाकून आली होती! हा राग मनात ठेवूनच मी हेमिंग्वेच्या चरित्राकडे वळले.

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी अमेरिकेत, शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. वडील डॉक्टर, आई संगीत शिकवणारी. शाळा संपल्यावर तो कॅन्सस सिटीत वार्ताहर झाला आणि १९१८ साली रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून इटलीच्या आघाडीवर गेला. ८ जुलैच्या रात्री, पिआव्हे नदीकाठी सैनिकांना चॉकलेट-सिगारेटी पोहोचवण्याच्या कामावर असताना, जवळच ऑस्ट्रियन गोळा फुटला. पाय जायबंदी झाले. एकोणिसावा वाढदिवस त्याने मिलानच्या इस्पितळात काढला.

तेथे अॅग्नेस फॉन कुरोव्स्की ही अमेरिकन परिचारिका त्याला भेटली. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. लग्नाची स्वप्ने घेऊन तो १९१९ च्या जानेवारीत घरी परतला. मार्चमध्ये तिचे नकाराचे पत्र आले. तिच्या मनात आता एक इटालियन अधिकारी होता.

दहा वर्षांनी, १९२९ साली, ही कादंबरी प्रसिद्ध झाली. नायक फ्रेडरिक हेन्रीही रुग्णवाहिकेवरचा, जखमी होऊन मिलानला आलेला. कॅथरिन मात्र त्याला सोडून जात नाही. तेवढेच असते तर हे नुसते स्वप्नरंजन ठरले असते. पण हेमिंग्वेने हे प्रेम खोटेपणातून सुरू केले आहे. हेन्रीला तो पत्त्यांसारखा खेळ वाटतो. कॅथरिनचा वाग्दत्त पती युद्धात मारला गेलेला, तीही मन रमवत असते. इस्पितळात हा खेळ खरा होतो. पुढे १९१७ च्या कापोरेत्तोच्या माघारीत इटालियन सैनिक आपल्याच अधिकाऱ्यांना गोळ्या घालू लागतात, तेव्हा हेन्री नदीत उडी टाकतो. देश, सन्मान, पराक्रम हे शब्द त्याच्यापुरते पोकळ झालेले असतात. निष्ठा ठेवावी असे एकच माणूस उरते. तिला घेऊन तो रात्रभर वल्ही मारीत सरोवरातून स्वित्झर्लंड गाठतो.

आणि तेथे मूल मृत जन्मते, कॅथरिनही जाते.

हा शेवट कोठून आला? १९२८ च्या जूनमध्ये, कादंबरीचे लेखन चालू असतानाच, हेमिंग्वेची दुसरी पत्नी पॉलीन प्रदीर्घ प्रसूतिवेदनांनंतर शस्त्रक्रियेने बाळंत झाली. माय-लेक वाचली, पण इस्पितळातली ती टांगणी त्याने जवळून पाहिली होती. डिसेंबरमध्ये वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. शेवट त्याने पुन्हापुन्हा लिहिला. २०१२ साली निघालेल्या आवृत्तीत असे ४७ पर्यायी शेवट छापले आहेत. त्यांपैकी एकात मूल जगते. हे वाचले आणि माझा राग ओसरला. इतक्या वेळा कागद पुढे ओढणाऱ्याने कॅथरिनला सहजासहजी मारले नव्हते.

शीर्षकातल्या 'आर्म्स' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: शस्त्रे आणि बाहू. मराठीत एका शब्दात ते मावत नाहीत. शस्त्रांचा निरोप हेन्री स्वतः घेतो. बाहूंचा निरोप त्याच्यावर लादला जातो. प्रेम मृत्यूपासून वाचवील, असे हेमिंग्वे सांगत नाही. सगळे शब्द पोकळ झाल्यावरही ज्याच्यासाठी रात्रभर वल्ही मारावीत असे काही उरते, एवढेच तो दाखवतो.

त्याने चार लग्ने केली, १९५४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि २ जुलै १९६१ रोजी, वडिलांप्रमाणेच, त्याने बंदुकीने जीवन संपवले. ते शेवटचे पान मी आता पुन्हा वाचते, तेव्हा इस्पितळातून बाहेर पडून पावसात एकटा हॉटेलकडे निघालेला हेन्री दिसतो आणि त्याला थांबवावेसे वाटते.