लंडनमध्ये सहावे आलेल्या खाशाबांना हेलसिंकीला पाठवायचं का, यावरच घोडं अडलं होतं

स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कुणाचं, असं विचारलं की खाशाबा जाधव हे उत्तर आज शाळेतलं पोरगंही देतं. पण १९५२ साली हा गडी ऑलिम्पिकला पाठवण्याच्या लायकीचा आहे का, यावर चांगलाच खल झाला होता. आणि निवड करणाऱ्यांचं उत्तर सुरुवातीला नाही असंच होतं.

गोष्ट सुरू होते कराडजवळच्या गोळेश्वरमधून.

१५ जानेवारी १९२६ ला खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही सातारा जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा झाला तो १९४९ मध्ये. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात गावात एकवेळ दवाखाना नसेल, पण तालीम असायचीच. जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. अशा भागात पैलवानाच्या घरात जन्मलेलं पोरगं लाल मातीत उतरलं, यात नवल काहीच नव्हतं.

नवल होतं ते त्यांच्या अंगकाठीचं. पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आडदांड देह येतो. खाशाबा बुटके, शिडशिडीत. रस्त्यानं चालले तर हा कुस्ती खेळतो हे कुणाला पटलं नसतं. पण अंगात चपळाई भयंकर आणि डाव भरपूर. त्यातही ढाक हा त्यांचा हातखंडा. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले आणि तिथं त्यांचं नाव झालं.

१९४८ ला लंडन ऑलिम्पिकची संधी आली. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. अडचण अशी की खाशाबांची सगळी कुस्ती मातीतली आणि तिथं मॅट. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. त्यात गुणांचं गणित वेगळं. आपल्याकडं पाठ टेकली की कुस्ती संपली, तिकडं पकड घेतली, फिरवलं, याचेही गुण मोजायचे. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाकडून हे सगळं थोड्या दिवसांत शिकून ते फ्लायवेट गटात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लाला हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीपुढं मात्र हरले. नंबर आला सहावा.

खरा वाद इथूनच सुरू होतो.

आज वाटतं, पहिल्यांदा मॅटवर उतरून जगात सहावा, म्हणजे या गड्याच्या मागं सगळी ताकद लावायला हवी होती. पण कागदावर पाहणाऱ्याला दिसत होतं ते एवढंच की पदक नाही. शिवाय खाशाबा आता फ्लायवेट सोडून वरच्या ५७ किलोच्या बॅन्टमवेट गटात गेले होते, म्हणजे समोरचे गडीही जास्त वजनाचे. शंका घ्यायला एवढी कारणं होती, हे मान्य करावं लागेल.

पण निवडीत जे झालं ते शंकेच्या पलीकडचं होतं. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराजांना कुस्तीचा शौक. त्यांनी पुन्हा चाचणी लावली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला बघता बघता चितपट केलं. वादाचा निकाल मॅटवरच लागला.

निवड झाली. आता पैसे कुठून आणायचे?

सरकारकडं अर्ज गेले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. तिथून वेळेत काही हाती लागलं नाही. मग खाशाबांनी गावोगाव वर्गणी मागितली. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी, दुकानदारांनी जमेल तसं दिलं. तरी कमीच पडत होते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. कॉलेज सोडून गेलेल्या विद्यार्थ्यासाठी मास्तरानं घर गहाण टाकावं, याला काय म्हणायचं!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा ॲड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्टो आणि जर्मनीचा मल्ल असे एकापाठोपाठ गडी मारले. पुढं जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती झाली आणि ती हरले. इशीच पुढं सुवर्णपदक घेऊन गेला. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून भांडायला त्या वेळी तिथं भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. ती कुस्ती दमात झाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, यावर कराडच्या पारावर आजही रात्र सरेल.

२३ जुलै १९५२. कांस्यपदक. याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

हॉकी संघानं सुवर्ण जिंकल्यामुळं देशाचं लक्ष तिकडंच होतं. कराडमध्ये मात्र शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि गावापर्यंतच्या थोड्याशा वाटेला तासन्‌तास लागले. हारतुरे उतरल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, स्वतः खेळले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक गुडघ्याच्या दुखापतीनं हुकलं. नोकरीत बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागलं, निवृत्तीच्या वेळी ते सहाय्यक पोलीस आयुक्त होते. पेन्शनसाठीही झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये मशाल घेऊन धावण्याचा मान तेवढा मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ ला कराडजवळ रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

दुसरं वैयक्तिक पदक यायला देशाला ४४ वर्षं लागली. १९९६ मध्ये लिएंडर पेसनं ते आणलं आणि लोकांना पुन्हा खाशाबा आठवले. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार आला, दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये नाव मिळालं, महाराष्ट्रानं त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. पद्म पुरस्कार १९५४ ला सुरू झाले, म्हणजे खाशाबा हयात असताना सरकारच्या हातात ३० वर्षं होती. त्या ३० वर्षांत त्यांचं नाव एकाही यादीत आलं नाही. ते पद्म मिळावं म्हणून गोळेश्वरकरांची मागणी अजून सुरूच आहे.