'पडोसन'च्या आधीची चतुर नार

गॅदरिंगच्या तालमीत कुणीतरी 'एक चतुर नार' सुरू करतंच. मग एक जण किशोरकुमार होतो, दुसरा मन्ना डे, आणि बाकीचे हसून लोळतात. 'पडोसन' आला १९६८ साली, संगीत आर. डी. बर्मन यांचं. पण त्याच्या २७ वर्षं आधी, १९४१च्या 'झूला'मध्ये हे गाणं अशोककुमार गाऊन मोकळे झाले होते. 'झूला'च्या संगीतकार होत्या सरस्वती देवी. ऐकलंय हे नाव? बहुतेकांनी नसेलच. आणि हे नावसुद्धा त्यांचं स्वतःचं नव्हतं!

मूळ नाव खोर्शेद मिनोचेर-होमजी. जन्म १९१२ चा, पारशी घरातला. गाण्याचं शिक्षण थेट विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे. १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ स्टेशन सुरू झालं, आणि पुढे तिथे 'होमजी सिस्टर्स' वाजू लागल्या. म्हणजे खोर्शेद आणि तिच्या बहिणी. रेडिओवर कुणाची हरकत नव्हती. तिथे चेहरा दिसत नाही ना!

मग हिमांशु रॉय यांनी तिला बॉम्बे टॉकीजमध्ये बोलावलं. स्टुडिओ मालाडला. सोबत बहीण माणेकही आली, अभिनयासाठी. चांगल्या घरच्या मुली सिनेमात जात नाहीत, असं ठाम मानणारा तो काळ. समाजाच्या नजरेतून सुटावं म्हणून खोर्शेदची सरस्वती देवी झाली आणि माणेकची चंद्रप्रभा. तरी बिंग फुटलंच. १९३५ मध्ये 'जवानी की हवा' लागला तेव्हा पारशी मंडळींनी निदर्शनं केली. या मुलींना काढा, अशी मागणी झाली. दोघी हटल्या नाहीत. वय काय, तर तुमच्याहून दोन-चार वर्षांनी जास्त.

हिंदी सिनेमातली पहिली महिला संगीतकार त्याच, असं सर्रास लिहिलं जातं. बिब्बो आणि जद्दनबाई यांची नावंही त्याच सुमारास येतात, त्यामुळे पहिल्या नंबरचा वाद राहू द्या. त्यांचं खरं कर्तृत्व वेगळंच आहे. त्यांच्या वाट्याला आलेले हिरो-हिरोईन मुळात गायकच नव्हते. अशोककुमार तर स्टुडिओच्या लॅबमध्ये कामाला होते, १९३६ च्या 'जीवन नैया'त अचानक हिरो झाले. ऑटोट्यून कुठलं? गाणं बहुधा शूटिंग चालू असतानाच म्हणायचं. मग सरस्वती देवींनी चाली सोप्या केल्या, ताना काढून टाकल्या, आणि तालमी घेऊन घेऊन देविका राणी आणि अशोककुमार यांना तयार केलं. त्याच वर्षीच्या 'अछूत कन्या'तलं त्या दोघांचं द्वंद्वगीत देशभर गाजलं. याच चित्रपटात चंद्रप्रभाचा घसा बसला, तेव्हा ती नुसते ओठ हलवत राहिली आणि मागून सरस्वती देवी गायल्या. रागदारी शिकलेल्या बाईने इतकं साधं लिहायचं म्हणजे खरं तर जास्त अवघड काम.

१९४० मध्ये हिमांशु रॉय गेले, स्टुडिओत गटबाजी सुरू झाली. सरस्वती देवी सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनकडे गेल्या, 'पृथ्वी वल्लभ'ला (१९४३) संगीत दिलं. पण नव्या दमाच्या संगीतकारांपुढे काम आटत गेलं आणि त्या बाजूला पडल्या. १९६१ च्या 'झुमरू'त किशोरकुमारनी 'कोई हमदम न रहा' गायलं. पडद्यावर संगीतकार म्हणून नाव किशोरकुमारचं. मुळात हे गाणं 'जीवन नैया'त दादामुनी गायले होते, चाल सरस्वती देवींची. तेव्हा त्या हयात होत्या, मुंबईतच. १९८० मध्ये त्या गेल्या.

बॉम्बे टॉकीजच्या काही जुन्या प्रती पुण्यातच, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपल्यात. दापोडीहून लोकलने खडकी सोडलं की शिवाजीनगर, तिथून पुढे बस. तेवढाही कंटाळा असेल तर 'अछूत कन्या' यूट्यूबवर आहे. फक्त सुरुवातीची नावं पळवू नका.